बोंबलांचा आलेख

आमच्या कॉलेजात संशोधन गच्चीवर चालतं, कारण खाली जागा नाही आणि प्राचार्यांना वास सहन होत नाही. बोईसरच्या कारखान्यांचा वास त्यांना चालतो, तो म्हणे प्रगतीचा. बोंबलाचा चालत नाही.

त्या वर्षी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या चौघांचा मी मार्गदर्शक होतो. तिघे मुलगे सरावलीचे, वडील कारखान्यात, घरी शुद्ध शाकाहार. चौथी मुलगी मुरबे गावच्या कोळीवाड्यातली. तिची आई बोंबील सुकवून विकायची. मांडवावर माल टांगलेला असताना अवेळी आभाळ भरून आलं की सगळा नासायचा. म्हणून या मुलीला ढगाळ दिवसांतही काम करेल अशी सौर पेटी बनवायची होती. मुलांना मार्क हवे होते. मला शोधनिबंध हवा होता, त्याच्यावाचून बढती अडली होती.

पेटी तयार झाली. बोंबील सुकतात तसं वजन घटतं, तेव्हा थोड्या थोड्या वेळाने ते काढून तोलायचे, असं ठरलं. मुलांनी नाकाला रुमाल लावले. मग त्यांनी डोकं लढवलं. पेटीतल्या जाळीखाली वजनाचा सेन्सर बसवला, आकडे थेट मोबाइलवर. गच्ची चढायलाच नको! हवा खेळती राहावी म्हणून एका बाजूला वर चांगलं ऐसपैस भोक ठेवलं. मी खूश होऊन पाठ थोपटली.

"सर, एकदा वर जाऊन बघूया ना," मुलगी रोज म्हणायची.

"पेटी उघडली की आतली उष्णता जाते. आलेख बघ."

आलेख खरोखर देखणा होता. वजन धपाधप उतरत होतं. फक्त संध्याकाळी मध्येच उडी मारून वर जायचं आणि सकाळी परत खाली यायचं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमक्या त्याच उडीवर बोट ठेवलं. मी घाईघाईने पुढचं पान उलटायला गेलो. पण आमच्यातला एक बहाद्दर न अडखळता म्हणाला, "सर, समुद्रावरची दमट हवा. बोंबील रात्री ओलावा परत शोषून घेतात."

परीक्षक भारावले. "हे छापा," म्हणाले आणि भरघोस मार्क देऊन जेवायला गेले.

आईला दाखवायला बोंबील न्यावेत म्हणून मुलगी गच्चीवर धावली. मागोमाग आम्ही. पेटीच्या आत कँटीनचा बोका पसरला होता, तृप्त. आजूबाजूला बोंबलांच्या चार शेपट्या. आमचा ओलावा आमच्याकडे बघून जांभई देत होता.

मुलं हसून लोळली. मुलगी मात्र रडकुंडीला आली. "आई विचारेल, सुकतात का? काय सांगू तिला?"

मी परीक्षकांना फोन करून खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "मार्क विद्यापीठाकडे गेले हो. आता बोक्याला कुठे मध्ये आणता?"

म्हणजे मार्क होते, आलेख होता, आणि पेटी चालते की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला मनापासून लाज वाटली. मुलगी आईकडून नवे बोंबील घेऊन आली, तिने भोकाला जाळी ठोकली. निकाल लागून गेला होता, तरी मी काठी घेऊन गच्चीवर राखणीला बसलो. प्राचार्यांनी खालून दोनदा वर पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

नेमकं आभाळ भरून आलं. हवं होतं तेच. दोन ढगाळ दिवस गेल्यावर तिने पेटी उघडली आणि एक बोंबील वाकवला. सुकलेला असता तर कटकन मोडला असता. तो नुसता वाकला.

"नाय सुकला, सर!" ती ओरडली. चेहरा आनंदाने फुललेला. "वरचे सुकलेत, खालचे वलेच हायेत. खाली हवाच पोचत नाय!"

इतकी वर्षं मी प्रकल्प तपासतोय. सगळे यशस्वी. पहिल्यांदाच एक फसला होता, आणि मला कुणाला तरी पेढे द्यावेसे वाटत होते. तेवढ्यात तिने माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि पेटी खोलायला पाना दिला.