सतरा दिवसांची हजेरी

ते प्रकरण आठवले की मला आधी पाण्याचा आवाज ऐकू येतो, मग माणसांचे चेहरे दिसू लागतात. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. तरीही नोकरीतल्या मोठमोठ्या तपासांपेक्षा तेच माझ्या मनात राहिले आहे.

नवे राज्य नुकतेच झाले होते. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण आमच्या ठाण्यातले छापील फॉर्म जुनेच होते. वरचे नाव खोडून नवे लिहावे लागे. मी बुऱ्हाणपुरात नवखा सब-इन्स्पेक्टर होतो. हिवाळ्यातल्या एका सकाळी रोजनामच्यात नोंदी करत बसलो असताना एक बाई दारात येऊन उभी राहिली. पन्नाशीची असावी. शहराबाहेरच्या केळीच्या बागेत मजुरी करणारी. हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते.

"साहेब, माझा माणूस रोज कामाला जातो, संध्याकाळी चिखलात माखून येतो. पण मजुरी आणत नाही. पंधरवडा झाला."

"कुठे जातो?"

"नव्या शाळेच्या कामावर. तिथे सरकारी बोर्ड लावलाय, माणसाला इतके, बाईला इतके. मी एकाकडून वाचून घेतलं. मग याला का देत नाहीत?"

"त्याला विचारलं नाही का?"

"विचारलं तर हसतो. म्हणतो, तू फिकर नको करू. आता फिकर मी नाही करणार तर कोण करणार, साहेब?"

तिची तक्रार लिहून घेताना मला गावातली चर्चा आठवली. शाळेची ती इमारत शहराच्या वरच्या अंगाला, उंचावर होत होती. काम सरकारी, त्यामुळे मजुरीचा दर सरकारने ठरवलेला. त्यापेक्षा कमी पैसे कोणाला द्यायचे नाहीत, अशी टेंडरमध्येच अट. म्हणजे सगळ्या ठेकेदारांना मजूर एकाच भावाने पडणार. तरीही एकाने मजुरीचा आकडा इतरांपेक्षा जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी भरला आणि काम मिळवले. हा ठेकेदार पूर्वी गवंडी होता, बुधवारा मोहल्ल्यात राहायचा. बाकीचे ठेकेदार उघड म्हणत होते की हा मजुरांच्या पोटावर पाय देणार.

मी दोन गोष्टी एकत्र जोडल्या. माणसे हजेरीपटावर घ्यायची नाहीत, बेगार करून घ्यायची आणि भाव उतरवायचा. मला ते अगदी स्पष्ट वाटले.

कामावर जाऊन मी हजेरीपट तपासला. ओव्हरसियरला बाजूला ठेवून एकेका मजुराला विचारले. सगळ्यांना पूर्ण मजुरी मिळत होती. पण त्या बाईच्या नवऱ्याचे नाव पटावर नव्हते, आणि तो कामावर कुठे दिसतही नव्हता.

संध्याकाळी त्याला ठाण्यात आणले. वाळकासा, शांत म्हातारा.

"काय काम करतोस तिथे?"

त्याने हातावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडला.

"मजुरी किती ठरली?"

"दोस्ताचं काम आहे, साहेब. त्यात काय ठरवायचं?"

मग ठेकेदाराला बोलावले. त्याची बोटे चुन्याने फाटलेली होती. मी आवाज चढवला, ठेका रद्द होईल, तुरुंगात जाल, असे सगळे सांगितले. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मजुरांचं काय ते विचारा. याच्या कामाचं मला सांगता येणार नाही."

चोरी पकडली गेली की माणूस बोलू लागतो, एका थापेवर दुसरी रचतो. हे दोघे नुसते बसून होते. मी त्यांना सोडून दिले. हवालदाराला ते आवडले नाही.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मी कामाच्या बाजूच्या चिंचेखाली जाऊन बसलो. ऊन कोवळे होते. बैल चुना मळायच्या घाण्याभोवती संथ फिरत होता. बायका पाट्या घेऊन येत होत्या, जात होत्या, आणि त्यांच्या सावल्या विटांवरून सरकत होत्या. माझे डोळे मिटू लागले. अर्धवट झोपेत कुठूनतरी पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. विटा हौदात भिजत होत्या, भिंतींवर पाणी मारले जात होते, हौद काठोकाठ भरला होता. आणि माझी झोप उडाली. ताप्ती नदी तिथून कितीतरी खाली होती, पण एकही बाई डोक्यावर हंडा घेऊन येताना दिसली नव्हती.

हौदामागे पत्र्यांचा आडोसा होता. आत एक रहाट आणि जमिनीत गोल तोंड. शिडीवरून मी खाली उतरलो.

बुऱ्हाणपूरकरांना कुंड्या, म्हणजे या भुयारी विहिरी, नव्या नाहीत. डोंगरातून झिरपणारे पाणी शहरात आणायला बादशाही काळात जमिनीखालून भुयार खोदले आणि त्यावर ओळीने या विहिरी ठेवल्या. पण आत उतरण्याची माझी ती पहिलीच वेळ. भिंतींवर पांढरे थर साचले होते. वरून उजेडाचा एक खांब पाण्यात उभा होता. घोट्याएवढे गार पाणी पायांवरून वाहत होते आणि भुयारात कोणीतरी गुणगुणत होते. मी किती वेळ तसाच उभा होतो, मला सांगता येणार नाही. कशासाठी आलो हेही क्षणभर विसरलो होतो.

पुढे कंदिलाच्या उजेडात पाच जण गाळ उपसत होते. गुणगुणणारा तो म्हातारा होता. सगळ्यांच्या पुढे, उघड्या अंगाने, ठेकेदार स्वतः फावडे मारत होता.

मला पाहून तो थांबला. "लहानपणी बापाबरोबर गाळ काढायला उतरायचो. ही शाखा पुढे बुजली, लोक विसरले. बाकीच्यांनी टेंडरात नदीचं पाणी धरलं, वीस-वीस बायका नुसत्या पाण्याला. मी हे पाणी धरलं. मजुरी कमी नाही केली साहेब, फेऱ्या कमी केल्या."

"मग काल बोलला का नाहीत?"

"ही भुयारं नगरपालिकेची. त्यांना कळलं तर काम थांबवतील. यांना सगळ्यांना मी शपथ घातली होती."

माझ्या डोक्यावरचे ओझे उतरले. खरे सांगायचे तर मला त्याचे कौतुक वाटले. मग ठाण्याच्या दारातली ती बाई आठवली.

"यांची मजुरी टेंडरात कुठे धरली?"

"हे मजूर थोडेच आहेत? दोस्त आहेत. मीसुद्धा खोदतोच आहे."

"तुमची तरी धरली का?"

"माझी?" तो खरोखर गोंधळला. "माझी कोण धरतो?"

म्हातारा म्हणाला, "मला पैसे नकोत साहेब. इथे बरं वाटतं."

"तुला नकोत. पण पंधरवडाभर घरात पीठ कोणी आणलं?"

त्याने हातातली गाळाची पाटी खाली ठेवली.

अहवालात मी सगळे जसेच्या तसे लिहिले. नगरपालिकेने कुरकुर केली, इंजिनीयर खाली उतरून पाहून आले आणि शेवटी ते पाणी शाळेसाठीच ठेवायचे ठरले. गुन्हा दाखल झाला नाही. पण पाचही नावे हजेरीपटावर चढली, ठेकेदाराच्या नावासकट. प्रत्येकी सतरा दिवस. त्या कामात ठेकेदाराला जवळजवळ काहीच उरले नाही. पुढच्या टेंडरला त्याने स्वतःची मजुरी धरली आणि ते काम दुसऱ्याला गेले. त्यानंतरचे मिळाले.

त्या दिवसापासून कुठलाही कागद तपासताना, त्यावर नाव असलेल्या माणसांइतकाच मी नाव नसलेल्यांचा विचार करू लागलो. माणूस दुसऱ्याचे कष्ट बुडवतो हे पोलिसाला ठाऊक असते. आपले आणि आपल्या जवळच्यांचे कष्ट तो प्रेमाने बुडवतो, आणि त्याची झळ घरी कोणालातरी लागते, हे मला त्या भुयारात कळले.

पगाराच्या दिवशी ती बाई आली होती. नवऱ्याने अंगठा उठवला आणि पैसे तिच्या हातात दिले. तिने ते कमरेला खोचले आणि ठेकेदाराला म्हणाली, "मला दाखवा, हा कुठे जातो ते."

ती शिडीवरून खाली गेली. बराच वेळ वर आली नाही. आली तेव्हा लुगड्याचा काठ ओला होता आणि चेहरा निवळला होता. नवऱ्याला म्हणाली, "उद्यापण जा. पण हजेरी लावून उतर."