हौदातला खुराक

अख्ख्या कोल्हापुरात कुणालाही भूक लागली, तरी ती आधी आमच्या काकांना कळते. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले पैलवान. कुठल्याही दुखण्यावर त्यांचं औषध एकच, खुराक. पोस्टमन नुसता खोकला तरी त्याला वाटीभर तूप पाजूनच पुढच्या घरी धाडतात. लग्नानंतर माझी बायको पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेली, तेव्हा चौथ्या भाकरीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं समजून काकांनी पाचवी वाढली.

पुढे साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्यांचाच खुराक बंद केला. तेव्हा काकांनी परसात हौद बांधला आणि डझनभर रंगीत मासे पाळले. थंडी पडली. थंडीत खुराक वाढवायचा हा तालमीचा नियम, त्यामुळे माशांनाही वाटलेले बदाम आणि तुपात मळलेली कणीक सुरू झाली. मासे हुंगून बाजूला सरत. "लाजत्यात," काका म्हणायचे, "तालमीत नवी पोरं अशीच लाजत्यात." आठवड्याभरात पाणी ताकासारखं झालं आणि एका सकाळी दोन मासे उलटे तरंगताना दिसले.

मी रंगीत माशांच्या दुकानदाराला घेऊन आलो. "पैलवान, तुपानं पाणी नासलंय की," तो म्हणाला. "गारठ्यात माशास्नी अन्न जिरत न्हाय. पाणी बदला, आन् थंडी सरंपर्यंत कायसुदीक घालू नका."

"म्हंजे उपाशी ठिवू?" काकांचा आवाज कागलपर्यंत गेला असावा.

"व्हय. न्हायतर बाकीचं बी मरतील."

काका मटकन पायरीवर बसले. बदामाचा डबा त्यांनी स्वतःच मावशीकडे दिला.

चार दिवसांनी मावशीचा फोन आला. "तुझं काका जेवंना झाल्यात बघ." मी गेलो, तर काका कानटोपी घालून हौदाशी उभे. त्यांची सावली दिसताच मासे हळूहळू वर येऊन तोंडं उघडत होते. काकांचा हात सवयीनं खिशात जायचा आणि रिकामाच बाहेर यायचा.

"मला बघून वर येत्यात लेका. ह्यास्नी सोडून मी कसा जेवू?"

"मग त्यांना दिसूच नका," मी सहज बोलून गेलो.

काकांनी ते मनावर घेतलं. उरलेली थंडी तो धिप्पाड माणूस दोरीवर वाळणाऱ्या मावशीच्या साडीआड उभा राहून मासे मोजायचा. "धा हायत," असं कुजबुजून मगच ताटावर बसायचा. त्यांना तसं चोरून उभं राहिलेलं बघून मला हसू यायचं, पण मीही आवाज न करताच हसायचो.