ठोकून बसवलेला दांडा

नंदाखाल गावच्या क्लेमेंटने सातिवलीच्या कारखान्यात एकतीस वर्षं नळांना पॉलिश केलं. नळात स्वतःचे दात दिसेपर्यंत नग खाली ठेवायचा नाही, हा त्याचा नेम. निवृत्त झाला आणि वर्षभरात विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरला. खुबा गेला. डॉक्टर स्वप्ना यांनी तो बदलला.

ऑपरेशनआधी त्यांनी नव्या खुब्याचा नमुना हातात दिला होता. वरचा गोळा आरशासारखा. खालचा टायटॅनियमचा दांडा मात्र खरखरीत. क्लेमेंटने अंगठा फिरवला.

"डॉक्टर, हे काम अर्धं कुणी सोडलं?"

"मुद्दाम सोडलंय, अंकल. गोळा फिरायचा, म्हणून गुळगुळीत. दांडा मांडीच्या हाडात ठोकून बसवतो. टायटॅनियम हाडाला चालतं. या खरखरीत भागात नवं हाड भरतं आणि दांडा धरून ठेवतं. गुळगुळीत असता तर हाडाने धरायचं कुठे?"

ठोकून बसवतात, एवढंच क्लेमेंटने नेमकं ऐकलं. कारखान्यात ठोकून बसवलेली बेअरिंग त्याच दिवशी मशीनवर चढते. मग सहा आठवडे वॉकर कशाला? तो ओटीवरून स्वयंपाकघरात, तिथून परत ओटीवर, असा दिवसभर खडखडत राहिला.

"बसा जरा," त्याची बायको मार्था म्हणाली. "लादी झिजेल."

"लादीला काय होतंय? मी झिजतोय."

चौथ्या रविवारी वॉकर दाराशी ठेवून तो चर्चमध्ये मिस्साला चालत गेला. येताना मांडीत कळ आली. दोन दिवस त्याने बायकोला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पाय टेकवेना.

डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी लावला.

"दांडा तीन मिलिमीटर खाली सरकलाय."

"म्हणजे सुटला?"

"अजून नाही. पण भरू लागलेलं हाड तुम्ही मोडलंत. आता दोन महिने त्या पायावर भार नाही. दांडा हलत राहिला तर हाड भरतच नाही. मग सगळं परत उघडावं लागेल."

"रोज किती भरतं?"

"डोळ्यांना दिसणार नाही इतकं."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही."

एवढं अवघड काम त्याला आजवर कुणी दिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मार्था बाजारात गेली असताना वारा सुटला. क्लेमेंट ओटीवर खुर्चीत होता. समोरची केळ घडाच्या भाराने कलू लागली. टेकूचा बांबू भिंतीला लागून, चार पावलांवर. त्याने खुर्चीचे हात आवळले. खांदे वर आले. बुंधा करकरला. वॉकर हाताशी होता, पण वॉकर धरून बांबू उचलता येत नाही. केळ आडवी झाली. घड चिखलात गेला.

मार्था आली, पिशवी हातात धरूनच थांबली.

"बांबू इथंच तर होता."

"होता."

"आणि तुम्ही नुसते बघत बसलात?"

"हो," क्लेमेंट म्हणाला, आणि बाहीने कपाळावरचा घाम पुसला.