किसनराव माळ्याची नवी फटफटी

बार्शीटाकळीच्या किसनराव माळ्याने आयुष्यात दोन फटफट्या घेतल्या. पहिली कापसाच्या जिनातल्या गोऱ्या मॅनेजरची. तो विलायतेला परत निघाला तेव्हा स्वस्तात देऊन गेला. तिचं लोखंड असं, की एकदा बैलाने लाथ मारली तर बैलच लंगडला. थोरल्या लेकीच्या बारशापासून तिच्या लग्नापर्यंत ही फटफटी फुलं घेऊन अकोल्याला जात राहिली.

मग तिचे सुटे भाग मिळेनात. किसनरावने त्याच कंपनीची नवी फटफटी घेतली. बाजूला फुलांसाठी डबा जोडलेला. अकोल्याचे एजंट ओमप्रकाश शेठ म्हणाले, "सालभराची ग्यारंटी आहे. डोळे मिटून चालवा."

महिन्याभरात साखळी तुटली.

"ही तर घिसनेवाली चीज आहे, किसनरावजी. ग्यारंटीत बसत नाही."

मग दिवा फुटला. "काचेची ग्यारंटी कोण देतो?"

पावसाळ्यात इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो बिघडला. ठिणगीच पडेना. शेठ हसले. "मॅग्नेटो दुसऱ्या कंपनीचा. आमच्या कंपनीने फक्त लावला."

"मंग तुमच्या कंपनीनं केलं तरी काय?"

"नाव! टाकीवर लिहिलंय ना."

किसनराव अमरावतीच्या मोठ्या एजंटकडेही जाऊन आला. त्याने चहा पाजला आणि अकोल्याला परत पाठवलं. चहा चांगला होता, हे किसनरावने घरी आल्यावर कबूल केलं. त्याचा राग जेवणापर्यंतच टिकायचा. शेवटी स्वतःच्या पैशाने मॅग्नेटो दुरुस्त करून घेतला आणि कामाला लागला.

"तुमाले फसवाले लोकाईले मेहनतच लागत नाई," त्याची बायको शालू म्हणायची.

खंडेनवमीला मात्र गोष्ट जेवणावर मिटणारी नव्हती. झेंडूचा सगळा हंगाम त्या दिवशी आणि दसऱ्याच्या सकाळी विकला जायचा. नंतर त्या फुलांना गाईही तोंड लावत नसत. पहाटेच दोघं निघाली. डबा गच्च भरलेला, शालू मागच्या सीटवर मांडीत हारांची टोपली घेऊन. अकोल्यात शिरल्या शिरल्या फटफटी दोनदा खोकली आणि थांबली. पुन्हा मॅग्नेटो. बाजार अजून लांब होता. भाड्याची बैलगाडी त्या दिवशी कोणाला मिळते? दोघांनी ढकलत ढकलत ती शेठच्या दुकानापर्यंत आणली.

दुकानात सारवण झालं होतं. पाटावर नट आवळायचे पाने, पेचकस, हातोड्या मांडल्या होत्या. त्यांच्यावर हळद-कुंकू, फुलं. मिस्त्री नवीन धोतर नेसून बसला होता.

"हत्यारं पूजेत आहेत," शेठ म्हणाले. "आज हात लागणार नाही. उद्या दसरा. परवा या."

देवाशी भांडता येत नव्हतं. किसनराव पायरीवर बसला. डब्यातल्या झेंडूकडे पाहत राहिला. ऊन चढत होतं.

"बसले काहून?" शालू म्हणाली. "आपल्या हत्याराची पूजा नाई करायची?"

"हे बंद पडलेलं हत्यार?"

"बंद पडलं म्हणून का पूजा चुकवता?"

तिने टाकीवर कुंकू लावलं. हँडलला जाडजूड हार घातला. मग डबा रिकामा करून तिथेच, दुकानाच्या दारात, फुलं मांडली. रस्ता बाजाराचाच होता. येणारा-जाणारा थांबू लागला. फुलं घेता घेता विचारू लागला, "नवी दिसते. बंद काहून?"

किसनराव न चिडता सांगायचा. साखळीचं, काचेचं, मॅग्नेटोचं. टाकीवरच्या नावाचं सांगताना तो स्वतःच हसायचा. माणसंही हसायची आणि पावशेर फुलं जास्त घ्यायची.

दुपारी एक देशमुख दोन पोरांसह नवी फटफटी पाहायला आले. दसऱ्याचा मुहूर्त साधायचा होता. त्यांनी बाहेरची हार घातलेली फटफटी पाहिली, किसनरावचं सगळं ऐकून घेतलं, आत डोकावले आणि म्हणाले, "शेठ, आमी दिवाळीनंतर पाहू."

ओमप्रकाश शेठ धावत बाहेर आले. "किसनरावजी, हे इथून हलवा!"

"हलत नाई ना, शेठजी. तेच तर सकाळपासून सांगून राहिलो."

शेठनी देशमुखांच्या पाठीकडे पाहिलं. मग पाटाकडे. आत गेले, जोडे काढले, डोळे मिटून काही पुटपुटले आणि झेंडूखालचा पाना उचलून मिस्त्रीच्या हातात दिला. मिस्त्रीने स्वतःच्या गालांवर हलक्या चापट्या मारून देवाची माफी मागितली. दुकानातल्या नव्याकोऱ्या फटफटीचा मॅग्नेटो निघाला आणि किसनरावच्या फटफटीला बसला. पाना पाटावर परत गेला. शेठनी त्याला पुन्हा कुंकू लावलं.

पहिल्याच लाथेला फटफटी सुरू झाली. फुलं तोवर निम्म्याहून जास्त संपली होती. उरलेली बाजारात जाऊन कोमेजण्याआधी खपणार होती.

"आता लोकांना सांगाल ना," शेठ घाम पुसत म्हणाले, "की कंपनी ग्यारंटी पाळते म्हणून?"

"कंपनीचं नाई सांगत," किसनराव म्हणाला. "तुमचं सांगीन."

शालूने टोपलीतला एक हार निवडला आणि शेठच्या दाराला बांधला. "याचे पैसे नको," ती म्हणाली, आणि चढून मागे बसली.