पायाळूला रीठ दाखवू नये

उमरखेडहून सुटलेली एसटी महागावच्या दिशेने धावत होती आणि बाबांची रक्षा माझ्या मांडीवर होती, तांब्यात, तोंडाला लाल फडकं बांधलेलं. अस्थी आम्ही नदीत सोडल्या. ही मूठभर रक्षा मागे ठेवली ती त्यांच्या जन्मगावासाठी. ते गाव आता रीठ (उजाड गावठाण) आहे. ते पाहिलेलं आमच्या घरात कोणी उरलेलं नाही.

फाट्यावर उतरले. सडकेच्या दोन्ही अंगांना बाजारगाव पसरलेलं: कृषी केंद्रं, पंक्चरचं दुकान, मशीद, पारावर मारुती. उत्तरेला बोडक्या टेकड्या, दक्षिणेला काळी जमीन उतरत उतरत पूस नदीपर्यंत गेलेली. जुनं गाव तिथे खाली होतं. पटकीची साथ आली आणि लोक घरांची कवाडं, खांब बैलगाड्यांत घालून वर आले. माझे आजोबा मात्र इथे न थांबता पुढे अमरावतीला गेले. वर येताना लोकांनी गावाचं नावही बरोबर आणलं. खालच्याला काही उरलं नाही.

सलीमभाईंच्या हॉटेलात आलूबोंडा आणि तर्री (झणझणीत रस्सा) खाल्ली. डोळ्यांना पाणी आलं. बऱ्याच दिवसांनी त्याला साधं कारण होतं.

मग मी रिठाची वाट विचारली. सलीमभाईंची नजर माझ्या उघड्या पिशवीवर गेली: नारळ, हळद-कुंकू, उदबत्ती, आणि उन्हासाठी घेतलेली लिंबं. परवा अमावास्या आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मागून गाडी येते आहे का, सोबत कोण कोण, असं ते आडून आडून विचारत राहिले. शेवटी अगदी सहज म्हणाले, "ताई, तुमी पायाळू त नाही ना?"

"आहे की. आई सांगायची तसं."

पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाला जमिनीतलं धन दिसतं, हा समज मी कुठेतरी वाचला होता. आठवला तो उत्तर दिल्यावर.

रीठ ज्यांच्या शेतात येतं त्या अनसूयाबाईंना निरोप गेला. त्या तिघा-चौघांना घेऊनच आल्या. मी बाबांबद्दल सांगितलेलं त्यांना पटलं नाही. गेल्या वर्षी असाच एकजण कुलदैवताचं निमित्त सांगून आला होता; त्याच्या माणसांनी रातोरात खड्डे केले आणि बाईंच्या बैलाचा पाय त्यात मोडला. "बापाची राख म्हणते, अन् तांब्या कसा छातीशी धरून राह्यली पाह्य," मागून कोणीतरी म्हणालं. मी तो आणखी घट्ट धरला. हे लोक तो हिसकावतील, असं मला खरोखरच वाटत होतं.

तरी सगळे मिळून खाली गेलो. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्याची पेरणी चालू होती. काळ्या रानात एका जागी मातीचा रंग फिका झाला. ही पांढरी, म्हणजे वस्तीची माती. घरं होती ती इथे. एक फुटकं जातं, बाकी काही नाही. मी हाताने माती उकरायला वाकले.

"खड्डा नाही होऊ देणार मी," अनसूयाबाई म्हणाल्या. "तुहा बापच असन त्याच्यात, त पेर त्याले. सगळ्याईसमोर."

त्यांनी पेरणीची तिफण पांढरीवर वळवली. चाड्यावर (बी सोडायच्या लाकडी वाडग्यावर) मूठ कशी धरायची ते दाखवलं. बैल चालले, आणि बाबा माझ्या बोटांमधून तिफणीने पाडलेल्या तासात उतरत गेले. मागून चालणाऱ्या एकाने चिमूटभर उचलून बोटांत चोळली. हाडाचा कडक कण लागला असावा. त्याने ती हळूच खाली ठेवली, पायाने माती ओढली आणि टोपी काढली.

फाट्यावर सोडायला सलीमभाई आले. "बाप तुमचाच होता, मानलं. पण खरं सांगा ताई, दिसलं काय काही?"

नाही म्हटलं. त्यांना पटलं नाही. अमावास्या उलटेपर्यंत रिठावर जागल (रात्रीची राखण) बसवायचं ठरलंच होतं.

बाबा म्हणायचे, साथीनंतर त्या गावात कोणी एक रात्रही काढलेली नाही. एसटीत बसल्यावर या संशयाचा राग आला होता. महागाव येईपर्यंत तो उतरला. आज तिथे कंदील लागेल, विडी पेटेल, कोणी गप्पा मारेल. माझ्यावर कोणाचा विश्वास बसला नाही, हे बरंच झालं.