भिंतीपासून आठ पावलं

“मावशी, ह्या ऐतवारी मानसं आली न्हाईत तर टीम बंद,” आप्पा म्हनले. मी तवा फक्की चाळीत बसलेते. फक्की म्हंजी चुन्याची भुकटी. मैदानावर पांढऱ्या रेघा दिसतेत ना, त्या फक्कीच्या. माजलगावात मोंढ्याच्या गोदामामागं फुटबॉलचं मैदान हाय, तितल्या रेघा मी मारते.

आप्पांचं किराण्याचं दुकान हाय, अन् टीमचे शेक्रेटरी बी तेच. मी इचारलं, “बंद म्हंजी?”

“कमिटीतले लोक म्हनतेत, बघाया कुत्रं बी येत न्हाई तर पुढच्या साली टीमचा फॉर्म कावून भरायचा? मैदान मांडववाल्याला देऊन टाकू.”

“अन् माजं काम?”

आप्पा खाली बघाया लागले. मंग समजलं.

माजं वय झालंय. गुडघे गेलेत. मालक बांधकामावरनं पडून वारले तवापसून मी गवंड्यांच्या हाताखाली मालाची घमेली वाहिली. डोक्यावर टक्कल पडूस्तवर वाहिली. तितंच दोरीनं गुन्या धराया शिकले. गुन्या म्हंजी कोपरा सरळ येनं. बारा हाताच्या दोरीला तिसऱ्या अन् सातव्या हातावर गाठ मारायची, तीन खुंट्यांना तानायची, कोपरा बराबर बसतो. भिंतीला बसतो तसा मैदानाला बी बसतो. त्याच्यावरच हे काम मिळालं. आता दुसरं कोन देनार?

म्हनून मी इचार केला, मानसं येत कावून न्हाईत?

आमची टीम भाईरगावी बरी खेळायची. हितं आपल्या मैदानावर आली की ढिली पडायची. बघनारे म्हनायचे, म्यानेजरचा दोष हाय. म्यानेजर म्हंजी गायके सर, शाळेत पीटी शिकवायचे, आता रिटायर झालेत. ते सगळ्या पोरांना आपल्याच गोलापाशी गोळा करून ठिवतेत, पुढं कुनालाच सोडत न्हाईत, असं लोकांचं म्हननं. सर म्हनायचे, लोकांचा दोष हाय, शिव्या देयाला येतेत. अन् लोकांत बी दोन तट. म्हातारे म्हनायचे, पोरं नुसती मोबाईलात बघतेत. पोरं म्हनायची, म्हातारे सावलीत झोपाया येतेत.

सगळ्यात जास्ती तळमळायचा रफीक. मोटरसायकली दुरुस्त करतो. मैदानावरचे दोन्ही गोल त्यानंच पाईप जोडून वेल्डिंग केलेत, उचलून ठिवता येतेत असे. एकबी मॅच चुकवत न्हाई. मागच्या मॅचला माझ्यापशी येऊन म्हनला, “मावशी, ये क्या मैदान हय? मय्यत में भी लोगां बात करते.” अन् मॅच सरायच्या आधी निघून गेला. रफीक गेला तवा मला बी वाटलं, आता काय खरं न्हाई.

आप्पा गेल्यावर मी भिंतीपशी जाऊन हुबी ऱ्हायले. शिमगा जवळ आलता, ऊन चटके देत व्हतं. मैदानाच्या मावळतीला गोदामाची उंच भिंत हाय. मॅच चारला सुरू व्हती, तवा सावली भिंतीपसून धा-बारा पावलं पडती. मानसं सावलीत भिंतीला टेकून बसतेत. अन् बाजूची रेघ कुठं? मी पावलं टाकली. सव्वीस.

ती रेघ मीच तितं मारलेली. आधी जवळ व्हती. एकदा भाईरगावचा पोरगा रेघेवरनं बॉल फेकाया आला तर बघाया बसलेल्यांतल्या कुनी तरी त्याची चड्डी धरली. लई हसले लोक. सरांना भोवळ येयाची बाकी ऱ्हायली व्हती. दुसऱ्या दिशी म्हनले, मावशी, सगळं मैदान पलीकडं सरकवा. मी सरकवलं. तवापसून सव्वीस पावलं.

आता इतक्या लांबनं वरडलं तर पोरांना काय ऐकू येनार? अन् ऐकू जात न्हाई म्हनल्यावर मानूस कावून वरडंल?

मी आप्पांच्या दुकानात गेले. “आप्पा, भिंतीपसून रेघ किती लांब पायजे, असं नियमात हाय का?”

“लांबी-रुंदी हाय. भिंतीचं काय न्हाई. खेळनारा आदळू ने इतकी जागा सोडायची, बस. पर सरांना इचारा.”

सरांना इचारलं. सर म्हनले, “न्हाई.”

“सर, मानसं लांब पडतेत.”

“पडू द्या. जवळ आली की शिव्या. शिव्या ऐकून पोरांचे पाय लटपटतेत.”

“आता शिव्या ऐकू येत न्हाईत, पर टाळी बी ऐकू येत न्हाई.”

“मावशी, टीमचं मी बघतो. तुमी फक्की बघा.”

मी घरी आले. भाकरी खाल्ली. इचार केला, सरांचं ऐकलं तर ऐतवारनंतर काम जातंय. न्हाई ऐकलं तर ऐतवारीच जातंय. फरक एका दिवसाचा.

शनवारी सकाळी गोल उचलून सरकवाया रफीकला बोलावलं. त्यानं गॅरेजातली तीन पोरं आनली. रफीक म्हनला, “सर ने पूछा तो?”

“माजं नाव सांग.”

पैल्यांदा जुन्या रेघा मोडायच्या. खराट्यानं झाडायच्या, वरनं पानी मारायचं, न्हाईतर पंचाला दोन-दोन रेघा दिसतेत. मंग भिंतीपसून आठ पावलावर पैली खुंटी. आठ कावून? रेघेपसून तीन पावलावर लोकांसाठी दोर, अन् दोर ते भिंत पाच पावलं बसाया. सगळी सावलीत. पोरगा पळत भाईर गेला तर तीन पावलात थांबतो, ते मी बघून ठिवलेलं.

उगवतीकडचा एक कोपरा चुकला. खुंटी दगडावर बसली अन् वाकडी गेली, मला कळलं न्हाई. निम्मी रेघ मारल्यावर मागं वळून बघते तर रेघ तिरकी. पुन्हा झाडली, पुन्हा दोर तानला. गुडघे वाकंनात म्हनून बसून सरकत सरकत मारली. दिस बुडता बुडता काम झालं. बोटं चुन्यानं फाटली व्हती, त्याला तेल लावलं.

ऐतवारी सर आले अन् फाटकातच थांबले. मंग तरातरा माझ्याकडं आले.

“हे कुनी केलं?”

“मी.”

“मी न्हाई म्हनलतो ना?”

“व्हय, तुमी म्हनलते.”

“उद्यापसून येऊ नका.”

“बरं,” मी म्हनलं. दुसरं काय म्हननार? नांदूरघाटची टीम येऊन हुबी व्हती. पंचानं टेप लावला, चारी बाजू मोजल्या, बराबर हाय म्हनला. आता फिरवाया येळ न्हवता. मी कोपऱ्यातल्या झेंड्यापशी घमेलं घेऊन बसले.

मानसं आली, सवयीनं भिंतीला टेकली, अन् बघतेत तर मैदान पायापशी. सरांचा बाकडा बी रेघेपशीच, म्हंजी लोकांच्या पुढ्यात. रफीक दोराला येऊन चिकटला.

“सर, दस नंबर कू आगे छोडो ना! कायकू डरते?”

सरांनी मान वळवली न्हाई. धा नंबर म्हंजी फैजल, टीममधलं सगळ्यात चपळ पोरगं. ते बी आपल्याच गोलापशी हुबं. हाफ टाईम झाला. पुन्हा खेळ सुरू झाला तसा समोरच्यांनी गोल मारला. मागनं एक म्हातारा वरडला, “गायके, घरी जा! नातवंडं खेळव!”

तवा सर वळले. त्वांड लाल.

“कुनाला पुढं सोडू? तो फैजल कारखान्यात रातपाळी करून आलाय. डोळ्याला डोळा न्हाई. पुढं सोडला तर माघारी येयाला त्याच्यात जीव न्हाई. अन् त्याची जागा रिकामी पडली की गोल बसतो. तुमी येता का पळाया?”

रातपाळीचं कुनालाच ठावं न्हवतं. सव्वीस पावलावरनं नुसतं पोरगं दिसायचं, तारवटलेले डोळे कुठं दिसनार?

रफीक म्हनला, “सर, ह्ये आधी कावून सांगितलं न्हाई?”

“इचारलं का कुनी? नुसतं वरडता.”

“मंग आता ऐका. त्याला पुढंच ऱ्हाऊ द्या. बॉल गेला की आमी वरडतो, जो जवळ आसंल तो मागं पळंल.”

सरांनी घड्याळ बघितलं. मंग हात वर करून फैजलला पुढं जा म्हनले.

त्याच्यानंतर जे वरडनं झालं, मोंढ्यातले हमाल बघाया आले. बॉल गेला की सगळी भिंत एका सुरात, “मागं! मागं!” पैल्यांदा तर सगळीच्या सगळी पोरं मागं पळाली, फैजल बी पळाला. पंच बी दचकून मागं बघाया लागला. लोक पोट धरून हसले. म्हातारा म्हनला, “आरं सगळी न्हाई रं, येकजन!” दोन-चार बारीला जमलं. शेवटाला बॉल पुढं गेला, फैजल येकटाच व्हता, त्यानं गोलीच्या बगलंतनं घातला.

एक-एक. जिकलो न्हाई, बराबरी झाली. पर लोक मैदानावर आले तसे फैजलला उचलूनच गेले. कमिटीतले दोघं दोराला टेकून हुबे व्हते, त्यांचे आवाज बसलेते. आप्पांनी दुसऱ्या दिशी टीमचा फॉर्म भरला.

मी सोमवारी नेमानं गेले. सर येऊ नका म्हनलते, पर घमेलं अन् दोर माजा व्हता, तो आनाया तरी जायाला पायजे. सर आधीच आलते. भिंतीपसून पावलं टाकत व्हते.

“मावशी, दोर तीन पावलावर हाय. लोकांची थुकी माझ्या मानंवर पडती. पाच करा.”

“पाच केला तर मागची मानसं भिंतीत चेपतेत. चार करते.”

“बरं, चार. ऐतवारच्या आत करा.” अन् गेले. काम ऱ्हायलं का गेलं, ते मी इचारलं न्हाई, त्यांनी बी सांगितलं न्हाई.

पुढच्या दोन मॅचा आमी हरलो. रफीक आजून बी म्हनतो, हा म्यानेजर बदला. पर आता बाकड्यामागं हुबं ऱ्हाऊन म्हनतो, अन् सर बी त्याच्या वेल्डिंगला नावं ठिवतेत.

कवा दुसऱ्या कुनाला हे काम शिकवायची पाळी आली तर येवढं सांगन. आतल्या रेघा नियमाच्या कागदात लिहिल्यात, त्या तशाच मारायच्या. भाईरचा दोर कुठं बांधायचा ते कागदात न्हाई. त्याच्यासाठी आधी उन्हात हुबं ऱ्हाऊन बघायचं, मानसं बसतेत कुठं.