लंबगोल टोकाची सुई

मोहिनी ही मखमलाबादच्या पुंजाअप्पांची धाकटी मुलगी. अप्पा गुलाब पिकवतात आणि पहाटे फुलबाजारात नेतात. मोहिनी मात्र बारा वर्षं हळदी आणि वाढदिवसांना पेन ड्राइव्हवरची गाणी वाजवत आली. तिला खरं वेड तबकड्यांचं. मुंबईहून तबकड्या वाजवायची दोन जुनी टर्नटेबलं आणून ती घरी सराव करायची, पण तबकड्या लावायला तिला कधी कुणी बोलावलंच नव्हतं.

गेल्या जानेवारीत गंगापूर धरणाजवळच्या एका रिसॉर्टमधून फोन आला. "रविवारी दुपारी पाहुणे निवांत बसून ऐकतील. तबकड्याच लावा," तिथली मॅनेजर प्रतिभा म्हणाली.

मोहिनीच्या सुया झिजल्या होत्या. नव्या घ्यायच्या तर दोन प्रकार होते. गोल टोकाची सुई खाचेत घट्ट बसते, तबकडी हाताने मागेपुढे फिरवली तरी उडत नाही, पण आवाज जरा दबका येतो. लंबगोल टोकाची सुई बारीकसारीक सूरही उचलते, मात्र धक्का सोसत नाही. सुई ज्यात बसते ते कार्ट्रिजही वेगवेगळं, त्यामुळे दोन्ही घेणं तिला परवडणारं नव्हतं.

"ताई, गोलच घे. लोकांचा काय भरवसा?" तिच्याबरोबर स्पीकर लावणारा अश्विन म्हणाला.

"तिथे कोणी नाचणार नाहीये रे," म्हणत तिने लंबगोल मागवली.

त्या रविवारी अप्पा पहिल्यांदाच मुलीला ऐकायला आले. नवा सदरा घालून शेवटच्या खुर्चीत बसले. पहिली तबकडी इतकी स्वच्छ वाजली की पेटीच्या भात्याचा श्वासही ऐकू येत होता. दुसरी लावली आणि एका वाढदिवसाची मंडळी लाकडी मंचावर चढून नाचू लागली. मोहिनीचं टेबल त्याच मंचावर. सुई उडाली. तिने सुईवरचं वजन वाढवलं, टेबलाखाली उशा सारल्या. तरी उडतच राहिली. लोक ओरडू लागले.

प्रतिभा धावत आली. "मॅडम, पेन ड्राइव्ह आहे ना? तोच लावा."

पुढचे दोन तास गाणी आपोआप वाजत राहिली. थांबलेल्या तबकडीवर हात ठेवून मोहिनी नुसती उभी होती.

परतताना रिक्षात अप्पा म्हणाले, "लय भारी वाजवलंस, पोरी. दोन तास सगळे नाचत होते. मला वाटायचं ह्यात काय खरं नाय. आज पटलं."

"हो अप्पा," ती म्हणाली.

महिन्याभराने तिने गोल टोकाच्या सुयाही आणल्या. रिसॉर्टला दोनदा फोन केला. प्रतिभा अदबीने नाही म्हणाली. मग दुसरीकडून विचारणाही झाली नाही. दिवाळीआधी मोहिनीने दोन्ही टर्नटेबलं पुण्याच्या एका माणसाला विकून टाकली.

अप्पा फुलबाजारात अजूनही ओळखीच्यांना त्या दुपारबद्दल सांगतात. मोहिनी बरोबर असली, की गुलाबांची पाटी उचलून पुढे निघून जाते.